परदेशात शिवलेली नऊवारी मागवताना: आधी आसन बघा, मग काठ

उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनापासून ते चार घरांनी मिळून बसवलेल्या गणपतीपर्यंत, परदेशातल्या कुठल्याही मराठी कार्यक्रमात आज ज्या नऊवाऱ्या दिसतात त्यातल्या बऱ्याचशा शिवलेल्या असतात. त्यात कमीपणा मानण्यासारखं काहीच नाही. नेसवून द्यायला घरात आजी किंवा मावशी नाही, सकाळी ऑफिस करून संध्याकाळी आरतीला पोचायचं आहे, शिवाय नाचायचंही आहे. अशा वेळी पाच मिनिटांत अंगावर चढणारी नऊवारी ही मोठी सोय आहे. अडचण वेगळीच आहे. ही साडी विकली जाते पुढून काढलेल्या फोटोवर, आणि ती चांगली की वाईट हे ठरतं मागून आणि आतून.

शिवलेल्या नऊवारीला साडी म्हणून तपासू नका, विजार म्हणून तपासा. कापड, काठ, पदरावरचे मोर या सगळ्याकडे नंतर बघता येतं. पाटावर मांडी घालून बसता येतं का, जिना चढता येतो का, फुगडीत टाका उसवतो का, हे सगळं शिवणीवर अवलंबून आहे. पुण्यात किंवा दादरला घेतलेली साडी बिघडली तर दुकानात परत नेता येते. टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये बसून ते जमत नाही, म्हणून ही तपासणी मागवण्याआधीच व्हायला हवी.

आत काय असतं

नेसायची नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर अखंड कापड. शिवलेल्या नऊवारीत एवढं कापड बहुधा नसतंच. नेसताना कमरेभोवती जे वेढे येतात ते शिवताना लागत नाहीत, त्यामुळे साडेपाच-सहा मीटरच्या सहावारीतूनही ती व्यवस्थित निघते. दोन पाय वेगवेगळे कापतात, ते मध्ये जोडतात, पुढे निऱ्या आणि मागे काष्टा घालून वर नेफ्यात, म्हणजे कमरेच्या पट्टीत, बसवतात. पदराचा तुकडा उजव्या कमरेजवळ नेफ्यात पकडून मोकळा सोडतात. ओचा, म्हणजे कमरेला पुढे खोचलेला घोळ, बहुतेक वेळा नुसता दाखवण्यापुरता असतो, काही ठिकाणी तोही नसतो.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे आसन. दोन्ही पाय जिथे एकत्र येतात, तिथेच काष्ट्याच्या चुण्याही येऊन मिळतात, आणि त्या चुण्यांमध्ये जरीचा काठ असतो. म्हणजे बोटभर जागेत कापडाचे सहा-सात थर, त्यातले दोन-तीन जरीचे. मशिनची सुई इथे अडखळते, टाके लांब पडतात, दोरा ताणला जातो. साडी उलटी करून या जोडाच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताणा. टाक्यांच्या मधून उजेड दिसला तर ती शिवण पहिल्याच बैठकीत जाणार. चांगला कारागीर इथे दुहेरी टीप मारतो आणि आतून सुती कापडाची पट्टी लावतो. जरीचा काठ थेट आसनाच्या जोडात न आणता बोटभर वर थांबवतो. विक्रेत्याकडे फोटो मागायचा तर नेमका या जागेचा, साडी उलटी करून काढलेला मागा. फोटो पाठवायला टाळाटाळ होत असेल तर दुसरं दुकान बघावं.

आसन उथळ असेल तर खाली बसताना काष्टा खेचला जातो आणि नेफा मागून खाली सरकतो. खूप खोल असेल तर काष्टा लोंबतो, पावलं आखूड पडतात आणि मागून पाहताना नऊवारीचा सगळा डौल जातो. पायजम्यापेक्षा नऊवारीचं आसन थोडं खोल लागतं, कारण पूजेला जमिनीवर बसायचं असतं. पण ते थोडंच.

नेफ्याचं म्हणाल तर, केवळ इलॅस्टिकवर अवलंबून असलेली नऊवारी घेऊ नका. जरीचा काठ, अस्तर आणि पदर मिळून कमरेवर चांगलंच वजन येतं. नवं इलॅस्टिक तासभर ते पेलतं, नंतर ढिलं पडतं आणि निऱ्या जमिनीला टेकायला लागतात. उत्तम नेफा म्हणजे दोन-अडीच इंच रुंद सुती पट्टी, तिच्यात नाडी, बाजूला चेन आणि वर पँटला लावतात तसले दोन चपटे हुक. मागच्या बाजूला थोडंसं इलॅस्टिक चालतं, त्याने मापात इंच-दीड इंचाची सवलत मिळते. वेलक्रो मात्र नकोच. त्याचे काटे जरीत आणि रेशमात अडकून धागे ओढतात, आणि ते नुकसान भरून निघत नाही.

अस्तर निदान गुडघ्यापर्यंत हवं आणि सुती हवं. युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यात घरं आतून तापवलेली असतात, हवा कोरडी असते. अशा हवेत पॉलिएस्टरचं अस्तर पायांना चिकटतं, निऱ्या एकमेकींना धरून बसतात आणि चालताना चटचट ठिणग्या बसतात. सुती अस्तर असलं की हा त्रास बराच कमी होतो. तरीही निऱ्या चिकटल्याच तर ओला हात आतून अस्तरावर फिरवावा.

शेवटचं म्हणजे माया. शिवणीच्या आत किती कापड राखून ठेवलंय, हे परदेशातल्या गिऱ्हाइकाने विचारायलाच हवं. बाजूच्या शिवणींना दोन्हीकडे दीड-दीड इंच माया असेल तर साडी पुढची काही वर्षं तुमच्या अंगाबरोबर चालते. स्वस्तातल्या साड्यांमध्ये पाव इंचावर कापड कापून ओव्हरलॉक केलेलं असतं. ती साडी एकाच मापाची, एकाच वर्षाची.

ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी

या नावांवर फार विसंबू नये. ब्राह्मणी म्हणजे आटोपशीर, काष्टा अरुंद आणि काठ पायांवरून सरळ गेलेला. पेशवाई म्हणजे काठ अधिक उठावदार. मस्तानी आणि शाही मस्तानी म्हणजे पुढे निऱ्यांचा मोठा घोळ, जवळजवळ जमिनीपर्यंत. इथवर साधारण एकमत आहे. त्यापुढे प्रत्येक दुकानाची व्याख्या वेगळी. एका ठिकाणची राजलक्ष्मी दुसऱ्या ठिकाणी पेशवाई म्हणून विकली जाते. ऑर्डर देताना नाव सांगण्याऐवजी पुढून, मागून आणि बाजूने असे तीन फोटो निवडून पाठवा आणि ‘अशीच हवी’ असं लिहून घ्या. ढोल-ताशा, लेझीम किंवा मंगळागौरीचे खेळ असतील तर मस्तानीच्या वाटेला जाऊ नका. पुढचा घोळ पायात येतो, आणि शाळांच्या किंवा कम्युनिटी हॉलच्या गुळगुळीत फरशीवर घसरायला वेळ लागत नाही.

कापड

ऑनलाइन दिसणाऱ्या ‘पैठणी नऊवारी’ बहुतांशी आर्ट सिल्कच्या, म्हणजे कृत्रिम धाग्याच्या असतात. किंमत हजार-दोन हजार रुपयांत असेल तर शंकेला जागाच नाही. आर्ट सिल्क वाईट नाही. ते हलकं असतं, कमी चुरगळतं, रंग पक्का असतो, मुलींच्या नाचाला उत्तम. पण ते काय आहे हे माहीत असायला हवं, कारण पॉलिएस्टर ज्योतीजवळ गेलं की वितळून कातडीला चिकटतं. आरतीच्या गर्दीत पदर मोकळा सोडून निरांजन फिरवताना हे लक्षात राहू द्या. पदर कमरेला खोचलेलाच बरा.

खरं रेशीम ओळखायचं तर पदराच्या गोंड्यातला एखादा धागा जाळून पाहा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा कडक मणी होतो. सेंट्रल सिल्क बोर्डाच्या पुढाकारातून आलेलं ‘सिल्क मार्क’चं लेबल शुद्ध रेशमाची खात्री देतं, पण साडी हातमागावरची आहे की यंत्रमागावरची हे ते सांगत नाही. हातमागाची पैठणी ओळखायला पदर उलटा करा. मोर, पोपट, कमळ दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखंच दिसतं आणि मागे लोंबणारे धागे नसतात.

आणि अशी पैठणी हातात असेल तर ती शिवायला देऊ नका. येवल्याची हातमागाची पैठणी, आईची लग्नातली साडी, आजीचं लुगडं, यांच्यावर कात्री चालवणं म्हणजे ती साडी एका व्यक्तीच्या एका मापात कायमची अडकवणं. ज्यांना शिवूनच हवी आहे त्यांनी ‘न कापता’ शिवून देणारा कारागीर शोधावा. साडी अखंड ठेवून चुण्या, काष्टा आणि नेफा टाक्यांनी पक्के करतात, नंतर टाके उसवले की साडी पुन्हा मोकळी होते. कमरेजवळ थोडं जाड वाटतं, शिलाई जास्त पडते, पण साडी वाचते. रेशमात सुईची छिद्रं मात्र राहतात, म्हणून टाके काठावर किंवा आत झाकल्या जाणाऱ्या भागातच घ्यायला सांगा.

माझी पसंती विचाराल तर परदेशातल्या वापरासाठी इरकल. अंगाला सूत, काठ-पदराला रेशीम किंवा कृत्रिम रेशीम. घाम शोषतं, पायाला चिकटत नाही, काष्टा नीट बसतो आणि अंगावर भार वाटत नाही. चुरगळतं खरं, पण ते चुरगळणंही अंगावर शोभतं. पारंपरिक इरकलीचा लाल पदर पहिल्या काही धुण्यांत रंग सोडू शकतो, तेव्हा वेगळी, थंड पाण्यात आणि भिजत न ठेवता धुवावी. वॉशिंग मशिनमध्ये घालायची वेळ आलीच तर जाळीच्या पिशवीत, थंड पाण्यावर, ड्रायरमध्ये अजिबात नाही. ड्रायरने सुती अंग आणि रेशमी काठ वेगवेगळे आटतात, मग काठ कायमचा लाटांसारखा दिसतो.

फ्री साइज, मापाची, की आपली साडी देऊन शिवलेली

फ्री साइज हा शब्द फसवा आहे. नेफ्याला नाडी असल्यामुळे कंबर सगळ्यांना बसते, पण आसन, मांडी आणि उंची एकाच मापाची असते. साधारण पाच फूट एक ते पाच फूट चार इंच उंची आणि मध्यम बांधा असेल तर फ्री साइज खपून जाते. त्याहून उंच बायकांना ती घोट्याच्या वर राहते, ठेंगण्या बायकांना पायात येते, आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, बेचाळीस इंचांच्या पुढे असेल तर बसताना त्रास होतो. एकाच समूहनृत्यासाठी दहा-बारा सारख्या साड्या हव्या असतील, एका कार्यक्रमापुरत्या, तर फ्री साइज घ्या. स्वतःसाठी घेऊ नका.

मापाची नऊवारी हाच परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी योग्य प्रकार. दोन-तीन आठवडे जास्त जातात, शिलाईचे वेगळे पैसे पडतात, पण त्या पैशाचं चीज होतं. आपली साडी देऊन शिवून घेणं सर्वांत छान, जर भारतात ती नेऊन देणारं आणि शिवून झाल्यावर डोळ्यांनी तपासणारं कुणी असेल तर. नसेल तर या भानगडीत पडू नका.

माप

ब्लाउजचं माप पाठवायची सवय सगळ्यांना असते, नऊवारीचं नसते. दुकानाचा तक्ता बहुधा कंबर, सीट आणि उंची एवढंच विचारतो. तेवढं पुरत नाही.

कंबर तिथे मोजा जिथे नेफा बसवायचा आहे. कुणी बेंबीवर नेसतं, कुणी दोन बोटं खाली. त्या जागी एक दोरी बांधा आणि पुढची सगळी मापं त्या दोरीपासून घ्या. सीट उभ्याने एकदा आणि खुर्चीवर बसून एकदा मोजा. बसल्यावर माप वाढतं, आणि शिवायला ते वाढलेलंच माप धरायला सांगा. मांडीचंही तसंच, बसून.

आसनासाठी कडक खुर्चीवर ताठ बसा. बाजूने, दोरीपासून खुर्चीच्या फळीपर्यंतचं अंतर मोजा. त्यात अडीच ते तीन इंच मिळवले की नऊवारीचं आसन मिळतं. पडताळा म्हणून उभं राहून पुढच्या दोरीपासून पायांमधून मागच्या दोरीपर्यंत टेप सैल धरून गोलाईचं माप घ्या आणि दोन्ही आकडे पाठवा. कारागिराला दोन्ही मिळाले की अंदाज करावा लागत नाही.

उंची अनवाणी मोजा, दोरीपासून घोट्याच्या हाडापर्यंत. उंच टाचेच्या चपला घालणार असाल तर टाचेची उंची वेगळी लिहा, मापात मिसळू नका. नाहीतर कारागीर ती पुन्हा मिळवतो आणि साडी दोन इंच लांब येते. हा गोंधळ फार नेहमीचा आहे.

पदरासाठी उजव्या कमरेपासून छातीवरून डाव्या खांद्यावर आणि तिथून मागे जिथवर पदर हवा तिथपर्यंत टेप लावा. खांद्यावरच्या चुण्या शिवून देऊ का, असं विचारलं तर नको म्हणा. शिवलेल्या चुण्यांचा पदर एकाच लांबीवर अडकतो आणि पोलक्याचा गळा बदलला की बसत नाही. मोकळा पदर पिनेने लावायला दोनच मिनिटं लागतात.

आणि एक गोष्ट आग्रहाने मागा: त्याच कापडाचा निदान सहा इंच रुंद, फूटभर लांब तुकडा, वेगळा. दुरुस्तीला तो लागतो, आणि परदेशात त्या रंगाचं कापड कुठेही मिळत नाही.

वेळ, पार्सल, कर

गणपतीच्या आधीचे दोन महिने आणि दिवाळीच्या आधीचा महिना कारागिरांकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. घाईत आसनाची दुहेरी टीप सर्वांत आधी गळते. गणपतीसाठी हवी असेल तर जूनमध्ये ऑर्डर द्यावी, संक्रांतीच्या काळ्या साडीसाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. पार्सल निघण्याआधी व्हिडिओ कॉलवर साडी उलटी करून दाखवायला सांगा आणि टेप लावून कंबर, उंची, आसन मोजून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका. शिवलेला माल परत घेत नाहीत, आणि घेतला तरी परत पाठवायचा खर्च साडीच्या किमतीच्या घरात जातो.

बऱ्याच कुरिअर कंपन्या वजनाऐवजी आकारमानाचेही पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि जे जास्त असेल ते धरतात. चाळीस बाय तीस बाय दहाच्या खोक्याचं असं वजन २.४ किलो होतं, आत साडी जेमतेम दीड किलोची असली तरी. पस्तीस बाय पंचवीस बाय आठचं खोकं वापरलं तर तेच १.४ किलोवर येतं. पितळी दागिने, नथ, खोपा हे सगळं त्याच खोक्यात ठासून भरू नका. जरीवर धातू घासला की काळे डाग पडतात.

कराबाबत अंधारात राहू नये. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलना मिळणारी सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली गेली, त्यामुळे जुन्या अनुभवावर हिशेब करू नका. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर आयात शुल्क नाही, पण २० टक्के व्हॅट लागतो. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून विकत घेतलेल्या अगदी छोट्या पार्सलवरही व्हॅट आहे. ऑस्ट्रेलियात १० टक्के जीएसटी. हे नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी आपल्या देशाच्या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. पावतीवर कापडाचा धागा, खरी किंमत आणि ‘शिवलेला कपडा’ असा स्पष्ट उल्लेख हवा. ‘साडी’ एवढंच लिहिलं तर तिकडच्या अधिकाऱ्याला ते न शिवलेलं कापड वाटू शकतं आणि पार्सल अडकतं. काही दुकानदार होऊन सांगतात की ‘भेट’ लिहून पाठवतो. ते मान्य करू नका. पैसे देऊन घेतलेला माल भेट म्हणून दाखवणं ही खोटी नोंद आहे, आणि पकडली गेली तर त्रास घेणाऱ्याला होतो.

हातात आल्यावर

कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत थांबू नका. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करा, त्याच दिवशी साडी घालून पाहा. मांडी घालून बसा, उकिडवं बसा, जिना चढा, दोन्ही हात पूर्ण वर करा. या चार हालचालींत काय चुकलंय ते कळतं. मागून नेफा उतरला तर आसन उथळ आहे. पुढच्या निऱ्या उघडल्या तर सीट अपुरी आहे. हात वर केल्यावर साडी उचलली गेली तर पदर आखूड आहे किंवा कमरेला पिनेने जखडला आहे.

निऱ्यांवर कच्चे टाके असतील तर ते पहिल्यांदा घालेपर्यंत काढू नका, आणि इस्त्री त्या टाक्यांसकट, उलट्या बाजूने, मध्ये सुती रुमाल ठेवून करा. जरीवर थेट वाफ नको. साडी हँगरला टांगून ठेवली तर काही महिन्यांत तिच्याच वजनाने निऱ्यांचा ताल बिघडतो. मलमलच्या किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घड्या बदला. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका.

थंडीत नऊवारीसारखा सोयीचा वेश नाही, हे बऱ्याच जणींच्या लक्षातच येत नाही. सहावारीखाली परकर असतो आणि वारा खालून शिरतो. नऊवारीला दोन पाय असल्यामुळे आत अंगाबरोबरचे सुती थर्मल घालता येतात, बाहेरून काही कळत नाही. जानेवारीतल्या हळदीकुंकवाला शिकागोत किंवा माँट्रियलमध्ये हाच उपाय. फक्त माप देताना थर्मल घालून मोजा. कोल्हापुरी बर्फात आणि ओल्या फुटपाथवर घालू नये, चामडं पाणी पितं आणि तळ घसरतो. बूट घालून जा आणि हॉलमध्ये पोचल्यावर चपला बदला.

प्रसाधनगृहाचा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते. शिवलेली नऊवारी विजारीसारखी कमरेपासून खाली उतरवावी लागते. चेन आणि हुक बाजूला असतील आणि पदर फक्त पोलक्याला पिनेने लावला असेल तर हे सहज होतं. कमरेला चार ठिकाणी पिना टोचल्या असतील तर दुसऱ्या कुणाची तरी मदत लागते. पदर गळ्यात टाकून घ्यायचा, साडी गुडघ्यापर्यंत उतरवून काष्टा हातात धरायचा, म्हणजे फरशीला लागत नाही.

बिघडली तर

लंडनमधलं वेम्बली आणि साउथॉल, न्यू जर्सीतल्या एडिसनचा ओक ट्री रोड, टोरांटोजवळचं ब्रॅम्प्टन इथे भारतीय कपड्यांचे शिंपी आहेत. पण नऊवारीची रचना त्यातल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. त्यांना नेमकं काम सांगावं लागतं. पुढच्या निऱ्यांना हात लावू नका, सैल करायचं ते बाजूच्या शिवणीतून, आवळायचं ते मागून, हे आधीच बजावा.

उंची जास्त झाली तर खालून कापता येत नाही, तिथे काठ आहे. वरून नेफ्यात घ्यावी तर आसन उथळ होतं. म्हणून काठाच्या वरच्या रेषेला लागून आतल्या बाजूने आडवी चिमटी घालून शिवायची. एक इंचापर्यंत ती अजिबात दिसत नाही. आसन उथळ असेल तर दोन्ही पायांच्या जोडात शंकरपाळ्याच्या आकाराचा, चार-पाच इंचांचा तुकडा बसवतात. आधी मागून घेतलेलं जादा कापड इथे कामाला येतं. हे काम साधा पँट शिवणारा शिंपीही करू शकतो.

वर्षातून तीन-चार वेळा नऊवारी नेसणाऱ्या बाईने मात्र एक सुती, न शिवलेली नऊवारी घ्यावी आणि नेसायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं. तिला माप नाही, आसन नाही, नेफा नाही, परकरही नाही. वजन वाढो की कमी होवो, तीच साडी. आई, मुलगी, मैत्रीण, सगळ्यांना तीच. पहिल्या पाच-सहा वेळा कमरेची गाठ सैल बसते आणि काष्टा सुटतो, म्हणून सुरुवात सुती साडीवर करावी, रेशीम सरकतं. गाठ पक्की बसायला लागली की पुढचं सगळं सोपं आहे.

मुलींसाठी शिवलेलीच बरी. वयावर घेऊ नका, उंचीवर घ्या. ‘सहा ते आठ वर्षं’ या मापात दुकानागणिक चार-चार इंचांचा फरक असतो. काठाच्या वर दोन इंचांच्या दोन चिमट्या घालून मागवा, दर वर्षी एक सोडायची. नेफ्याला नाडी नको, ती ओढून गाठ बसते आणि लहान मुलीला एकटीला सोडवता येत नाही. मागे इलॅस्टिक, बाजूला एक मोठा हुक पुरे. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांना व्हॅट नाही, तेव्हा आईची आणि मुलीची साडी एकाच पार्सलमध्ये असेल तर पावतीवर दोन्हींची नोंद आणि किंमत वेगवेगळी लिहून घ्या.